सात श्वास

शनिवार, २० ऑक्टोबर १९८४

सकाळी बिनमिठाचे उकडलेले वाल, अर्धी भाकरी. दुपारी दही. पोट फुगलेलं नाही.

खरं तर एवढंच लिहायचं. यकृताच्या डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितलं आहे. "रोज काय खाल्लं, कसं वाटलं, ते टिपून ठेवा शेख. लिहिता येतं ना?" नवव्या वर्षी गावच्या मक्तबात माझं कुराण तोंडपाठ झालं होतं, म्हणून तर सगळे शेख म्हणतात, आणि गेली बावीस वर्षं दुसऱ्यांनी विसरलेले शब्द वाचून मी पोट भरतो. पण डॉक्टर तरुण आहेत. मी "येतं" एवढंच म्हणालो. आता वही आहेच, तर पोटापलीकडचंही लिहिलं जाणार.

आज नवे दिग्दर्शक उस्ताद हाझिम मापाची फीत घेऊन आले आणि माझ्या खोक्यापाशी गुडघ्यांवर बसले. खोकं रंगमंचाच्या पुढच्या कडेला, मधोमध आहे. तळघरातून चढून मी त्यात बसतो आणि अडलेल्या नटांना हळूच ओळ सांगतो. नटांना माझं तोंड दिसतं, प्रेक्षकांना फक्त एक लाकडी कुबड.

"काका, याची उंची किती?"

"मी बसलो की हनुवटी रंगमंचाच्या फळीला लागते, उस्ताद."

"म्हणजे पहिल्या दोन रांगांना नटांचे पाय दिसत नाहीत."

"बावीस वर्षांत पायांची तक्रार कोणी केली नाही."

सगळे हसले. ते हसले नाहीत. ते जिथे शिकून आले तिथे प्रॉम्प्टरचं खोकं कुठल्याच नाट्यगृहात नाही म्हणे. "नटाला संवाद पाठ असलेच पाहिजेत. आणि पाठ असतील, तर हे कशाला?" त्यांचं बरोबर आहे.

जानेवारीत समिती बसणार आहे. कंत्राटावरच्या लोकांना एक तर कायम करतील, नाही तर मोकळं करतील. खोकं गेलं तर मी मोकळा. मग नाट्यगृहाचं कार्ड गेलं, आणि कार्डावर चालणारं औषधपाणीही गेलं. लहानपणी कालव्यात पोहलो, पाण्यातले किडे अंगात शिरले, त्याची किंमत माझं यकृत आता वसूल करतं आहे. नाईलकाठी, सोहागच्या पलीकडच्या आमच्या गावात प्रत्येक घरात असा एक तरी आहे.

आमच्या मुख्य नटी तफीदा वस्फी, ज्यांना सगळे मानाने हानिम म्हणतात, विंगेत शालीला गाठ मारत उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं.

मंगळवार, २३ ऑक्टोबर

भात, उकडलेले बटाटे. गिळताना त्रास नाही.

तालमीच्या मधल्या सुट्टीत तफीदा हानिम माझ्या खोक्याच्या कडेवर येऊन बसल्या. बासष्ट वर्षांची बाई, पण जमिनीवर बसायला त्यांना कोणाचा हात लागत नाही. जत्रेच्या तंबूंत नाचगाणी करत फिरणाऱ्या मंडळीत त्या तेराव्या वर्षी दाखल झाल्या, तिथे खुर्च्या नव्हत्या असं त्या सांगतात.

"शेख, पोट काय म्हणतंय?"

"अल्लाची कृपा."

"कृपा म्हणजे रक्त पडलं की नाही पडलं?"

"नाही पडलं."

गेल्या उन्हाळ्यात रंगपटाच्या बोळात मला रक्ताची उलटी झाली, तेव्हा याच बाई अर्ध्या मेकअपमध्ये मला टॅक्सीत घालून इस्पितळात घेऊन गेल्या होत्या. परिचारिका रक्त सोडून त्यांच्याच तोंडाकडे बघत होती. "तुम्ही त्या नदीत बुडालेल्या नाही का?" म्हणाली.

तो सिनेमा मीही पाहिला होता. सोहागला, भिंतीवर चादर लावून. मी अठरा वर्षांचा. सिनेमा पाहणं पाप हे ठाऊक होतं, तरी गेलो. पडद्यावर ती मुलगी पाण्यात गेली आणि मला राहवेना. मी उभा राहून मोठ्याने तिच्यासाठी फातिहा म्हटली, मेलेल्यासाठी म्हणतात तशी. लोक इतके हसले की चालवणाऱ्याने यंत्र थांबवलं. नऊ वर्षांनी या नाट्यगृहात लागलो तर तीच मुलगी समोर चहात पाव बुडवून खात होती. मी हे त्यांना सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सिनेमात मी सतरा वेळा मेले आहे. बहुतेक वेळा खोकून. फातिहा एकदाच मिळाली."

आज उठताना त्यांनी खोक्याच्या लाकडावरून हात फिरवला. "सागवान आहे," एवढंच म्हणाल्या.

गुरुवार, १५ नोव्हेंबर

काल पहिला प्रयोग झाला. खोकं अजून जागेवर आहे, कारण सुतार लग्नासाठी तांत्याला गेला आहे आणि समितीने होकार दिल्याशिवाय काही तोडता येत नाही.

नाटक एका नावाड्याच्या विधवेचं आहे. मुलगा खून करून रात्री घरी येतो, ती त्याला आत घेते. शेवटच्या अंकात न्यायाधीश विचारतो, "दार कोणी उघडलं?" आणि हानिम गप्प राहतात.

ही गप्प राहण्याची जागा त्या प्रत्येक नाटकात एक ठेवतात. माझ्या पहिल्या वर्षी मला ते माहीत नव्हतं. त्या थांबल्या, मी घाबरलो, आणि ओळ सांगून टाकली, चांगली मोठ्याने. पडदा पडल्यावर त्या खाली वाकल्या. मला वाटलं आता नोकरी गेली. म्हणाल्या, "पोरा, यातले सगळे शब्द लेखकाचे आहेत. कपडे कंपनीचे, दिवे सरकारचे. माझे फक्त सात श्वास. तेवढे माझे मला राहू दे." तेव्हापासून त्या थांबल्या की मी मोजतो. सहा नाही, आठ नाही. सातव्या श्वासाला त्या बोलतात. या नाटकात सात श्वासांनंतर एकच शब्द आहे: "मी."

काल तो शब्द आला तेव्हा तिसऱ्या रांगेतला एक जाडा माणूस टोपी काढून बसला.

सोमवार, २६ नोव्हेंबर

हे लिहू नये असं वाटतं. पण इथे नाही तर कुठे.

काल दुसऱ्या अंकात हानिम ओळ विसरल्या. मोठं भाषण नव्हे. "कंदिलात तेल नाही, उद्या घालीन." कोणीही म्हणेल अशी ओळ. त्या थांबल्या. ही त्यांची जागा नव्हती, तरी सवयीने मी तीन श्वास वाट पाहिली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हळू सांगितलं. त्यांना ऐकू गेलं नाही. ऐकू जाणार कसं, त्या अगदी मागे, चुलीपाशी उभ्या होत्या. जुने नट अडले की सहज चालत पुढे येतात, खोक्याजवळ काहीतरी उचलायचं निमित्त करतात. हे तर त्यांनीच मला शिकवलं. पण काल त्या जागच्या हलल्या नाहीत. मला ओरडून सांगावं लागलं. पहिल्या चार रांगांनी ऐकलं. कोणीतरी हसलं.

घाबरल्या असतील. घाबरलेल्या माणसाचे पाय आधी गोठतात.

उस्ताद हाझिम काल प्रेक्षकांत होते, सोबत समितीचे एक गृहस्थ. नेमकं त्यांच्यासमोर असं व्हावं.

सोमवार, ३ डिसेंबर

वाल. दही. रात्री झोप नाही.

पुन्हा झालं. या वेळी "चहा निवला" ही ओळ. पुन्हा मागे उभ्या राहून. शेवटचं भाषण मात्र पाण्यासारखं वाहिलं, दोन पानं, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

माझी बायको सनिय्या म्हणाली, "विसरतात त्या, आणि जागे तुम्ही?"

तिला कसं सांगू. माझे वडील गावात प्रेताला उत्तरं सांगायचं काम करत. माती लोटून झाली की लोक मागे सरत, आणि अब्बा थडग्याच्या उशाशी बसून मेलेल्या माणसाला समजावत, की आता दोन फरिश्ते येतील, तुला विचारतील तुझा प्रभू कोण, घाबरू नकोस, असं असं सांग. मी विचारलं होतं, जन्मभर नमाज पढलेल्या माणसाला हे सांगावं का लागतं? अब्बा म्हणाले, "त्याला सगळं येतं रे. भीतीने ओठावर येत नाही. आपण फक्त सुरुवात करून द्यायची." मी शहरात येऊन तेच काम जिवंत माणसांसाठी करतो आहे असं मला वाटत आलं आहे. पण ज्या बाईला कधीच काही सांगावं लागलं नाही तिला सांगायची वेळ आली, म्हणजे कसली भीती तिच्यात शिरली आहे?

गुरुवार, १३ डिसेंबर

वर्तमानपत्रात आलं. "तफीदा वस्फी यांनी आता आठवणींवर जगावं, कारण संवाद त्यांना आठवत नाहीत." लिहिणारा पोरगा तिशीचाही नसेल.

रंगपटात त्यांच्या कपड्यांचं बघणाऱ्या उम्म गिर्गिस यांनी तो कागद घेऊन त्यात बूट गुंडाळले. कॉप्टिक ख्रिस्ती बाई, जीभ सुईसारखी. मी विचारलं, "हानिमनी वाचलं का?"

"वाचलं. म्हणाल्या, फोटो तरी बरा छापायचा."

"डॉक्टरला दाखवायला हवं त्यांना."

उम्म गिर्गिस दातात टाचणी धरून माझ्याकडे बघत राहिल्या. मग टाचणी काढून म्हणाल्या, "शेख खलफ, कुमारी मरियमची शपथ, तुझ्याएवढा भला माणूस मी पाहिला नाही. आणि एवढा आंधळाही."

माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. वाचायचा चष्मा मागच्याच वर्षी बदलला.

गुरुवार, २० डिसेंबर

आनंदाची बातमी. रमझानमध्ये दाखवायच्या दूरदर्शन मालिकेत हानिमना मोठं काम मिळतं आहे. सहा वर्षांनी त्या पडद्यावर येणार. तीस भाग, आणि या वेळी मरायचं नाही, असं त्या स्वतःच सगळ्यांना सांगत होत्या. रंगपटात त्यांनी लाल अंबाडीचं सरबत वाटलं. उम्म गिर्गिसना मिठी मारली. त्यांचा चेहरा त्या चादरीवरच्या मुलीसारखा दिसला.

सगळ्यांच्या पाया पडावंसं वाटलं की देवा, यांना एवढं पार पाडू दे.

परवा एकही ओळ चुकली नाही. काल उस्ताद आले होते, काल तीन चुकल्या. परीक्षकासमोर हुशार मुलाचीही जीभ अडते, तसं असावं.

सोमवार, ७ जानेवारी १९८५

उम्म गिर्गिसच्या कॉप्टिक लोकांचा नाताळ आज असतो, म्हणून त्या नव्हत्या. हानिमची केसांची पिन मीच शोधून दिली. मी धीर करून म्हणालो, "हानिम, तुम्ही पुढे या ना. खोक्याजवळ. मी श्वासाइतकं हळू सांगीन, कोणाला कळणार नाही."

त्या आरशात बघत होत्या. "आणि कोणाला कळलं नाही, तर काय उपयोग शेख?"

मला कळलं नाही. बोलताना त्यांचाही तोल जात असावा.

मग वळून म्हणाल्या, "समिती कधी बसते?"

"महिनाअखेरीस."

"तोवर भात आणि दही. वांगी खाऊ नका, तळलेली."

स्वतःवर एवढं संकट, आणि विचार माझ्या पोटाचा.

शनिवार, १२ जानेवारी

तीन दिवस नमाजात मन लागलं नाही. आज शेवटी उस्ताद हाझिमकडे गेलो. एक माणूस बुडताना दिसत असेल तर गप्प बसणं हीदेखील चुगलीइतकीच वाईट गोष्ट आहे, असं मी स्वतःला समजावलं.

मी म्हणालो, "उस्ताद, हे आपल्या दोघांत राहू द्या. हानिमची स्मृती जाते आहे. मी बावीस वर्षं त्यांचं तोंड रोज समोरून पाहतो आहे, मला कळतं. त्यांना चांगल्या डॉक्टरकडे न्या. लहान लहान ओळी कमी करा."

त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. "मला वाटत होतं, म्हातारी माझ्यावर राग काढते आहे," ते म्हणाले. "तुम्ही खोटं बोलणार नाही काका. तुम्ही म्हणता, म्हणजे खरं असणार."

"अल्ला साक्षी आहे."

"बरं झालं सांगितलंत."

बाहेर आलो तेव्हा हलकं वाटलं. मशिदीत नमाजाचे दोन रकात जास्त पढलो.

शनिवार, १९ जानेवारी

मालिकेचं काम दुसऱ्या बाईला दिलं. निर्माता उस्ताद हाझिमचा मेहुणा आहे हे मला आज कळलं.

हानिम प्रयोगाला वेळेवर आल्या. मेकअप पुरा करून माझ्या जिन्यापाशी, तळघरात आल्या. तिथे त्या कधी येत नाहीत. मी उभा राहिलो. म्हणाल्या, "शेख, तुम्ही मला शब्द सांगायचे असतात. माझ्याबद्दल नाही."

मी त्यांच्या पायांकडे वाकलो. त्यांनी मला खांद्याला धरून उभं केलं आणि वर निघून गेल्या. रात्री "दार कोणी उघडलं?" नंतरचे सात श्वास मोजताना माझाच श्वास दोनदा चुकला. त्यांचा नाही.

रविवार, ३ फेब्रुवारी

समितीचा कागद आला. "ज्येष्ठ कलावंतांची गरज लक्षात घेता प्रॉम्प्टरची जागा व पद कायम ठेवण्यात येत आहे." माझं नाव पूर्ण लिहिलं आहे, वडिलांच्या आणि आजोबांच्या नावासकट. सनिय्याने शेजारपाजारच्या बायकांसमोर आनंदाची किलकारी मारली. कार्ड आता मरेपर्यंत.

हानिमनी उम्म गिर्गिसच्या हातून बसबूशाचं, रव्याच्या गोड वड्यांचं, ताट पाठवलं. आत चिठ्ठी: "हे घरच्यांसाठी. तुम्हाला साखर चालते, तूप नाही."

देवाचं गणित अजब आहे. त्यांच्या दुखण्याने माझं दुखणं तारलं.

विशेष म्हणजे कालपासून त्या एकही ओळ विसरलेल्या नाहीत. उतार पडतो आहे असं दिसतं. मी मन्नत मानली आहे.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

बरेच महिने वहीत फक्त वाल आणि दही.

नवा मोसम सुरू झाला. पाटीवर हानिमचं नाव नाही. कोणी काढलं असंही नाही, कोणी घातलंच नाही. नव्या नाटकातल्या मुलामुलींना सगळं पाठ असतं. मी खोक्यात बसतो, पानं उलटतो. कोणी माझ्याकडे बघत नाही. उस्ताद हाझिम मला भेटले की सलाम करतात. वाईट माणूस नाही.

गुरुवार, ९ जानेवारी १९८६

उम्म गिर्गिस सकाळी घरी आल्या, चार मजले चढून. हानिमचं हृदय थकलं आहे, भेटायचं तर चल म्हणाल्या.

मन्यल भागातल्या त्यांच्या घरात गेलो. नाईलकडच्या खोलीत पलंग. त्या खूप लहान दिसत होत्या. "या शेख. या वेळी खोकला नाही, हृदय आहे. कॅमेऱ्यात दिसत नाही, म्हणून कोणी घेत नाही."

त्यांचं मन रमावं म्हणून मी म्हणालो, नावाड्याच्या विधवेचा दुसरा अंक म्हणू का? मला पाठ आहे. त्यांनी डोळे मिटले. मी सुरू केलं. चौथ्या वाक्याला त्या म्हणाल्या, "'घरात' नाही शेख. 'दारात'. 'दारात उभं राहून विचारतोस.'"

खरंच, "दारात" आहे.

मग त्यांनीच पुढे चालू केलं. मुलाचे संवाद, सुनेचे, शेजारणीचे. पंधरा मिनिटं, हळू, श्वास घेत घेत. "कंदिलात तेल नाही, उद्या घालीन" आलं आणि सरळ निघून गेलं. "चहा निवला" आलं. वर्षापूर्वी ज्या ज्या ओळीला त्या अडल्या होत्या त्यातली प्रत्येक ओळ आली.

जिन्यात मी उम्म गिर्गिसना म्हणालो, "बघा, देव घेतलेलं परतही देतो. शेवटी स्मृती आली त्यांची."

त्या पायरीवर थांबल्या. मला वाटलं धाप लागली. म्हणाल्या, "आली? गेली कधी होती रे? ज्या दिवशी तो फीत घेऊन तुझं खोकं मोजायला आला, त्या रात्री त्यांनी माझ्यासमोर बसून ओळी निवडल्या. लहान लहान, नाटकाला धक्का न लावणाऱ्या. तो आला की चुकायचं, लांबून चुकायचं, म्हणजे तुझा आवाज सगळ्यांना ऐकू गेला पाहिजे. मी म्हटलं, हानिम, नाव जाईल. म्हणाल्या, नाव खूप वर्षं वापरलं."

त्या एक पायरी खाली उतरल्या आणि माझ्याकडे वळल्या.

"बावीस वर्षं त्यांच्या तोंडासमोर बसलास, शेख, आणि फक्त कागद बघितलास."

पायी घरी आलो. कुठल्या रस्त्याने ते सांगता येणार नाही.

शुक्रवार, १० जानेवारी

काही खाल्लं नाही.

शनिवार, ११ जानेवारी

पुन्हा गेलो. दाराशीच म्हणालो, "हानिम, मला माफ करा."

"कशाबद्दल? पोट कसं आहे?"

"मी उस्तादांना जाऊन सांगितलं. मी अल्लाला साक्षी ठेवून खोटं बोललो. तुमची मालिका..."

"बसा आधी. मान वर करून बोलायला त्रास होतो मला." मी बसलो. त्या म्हणाल्या, "तुम्ही गेला नसतात तर ते फसलंच असतं. माझ्या अभिनयावर त्या पोराचा विश्वास बसला नव्हता. तुमच्यावर बसला." आणि त्या हसल्या. हसताना छाती धरली.

"माझ्यासारख्या माणसासाठी एवढं?"

"तुमच्यासाठी म्हणून नाही हो. एवढी भली नाही मी." आणि खिडकीकडे पाहत म्हणाल्या, "दिवे डोळ्यांत असतात शेख. प्रेक्षक दिसत नाहीत. नुसता काळोख. त्यात एकच चेहरा दिसतो, आणि तो मी म्हणेन तो प्रत्येक शब्द ओठ हलवून माझ्याबरोबर म्हणत असतो. तो काढला असता तर मी कोणाशी बोलणार होते?"

मी ओठ हलवतो हे मला माहीत नव्हतं.

निघताना मी विचारलं, मालिकेचं वाईट वाटलं का. त्या खोटं बोलल्या नाहीत. "वाटलं. फार वाटलं. त्यात मरायचं नव्हतं."

शनिवार, १८ जानेवारी

पहाटेच्या नमाजाच्या वेळी गेल्या.

रविवार, १९ जानेवारी

काल दुपारीच दफन झालं. आमच्यात थांबत नाहीत.

जनाज्याला चाळीसेक माणसं. उस्ताद हाझिम आले होते, मागे उभे होते, त्यांनी खांदाही दिला. उम्म गिर्गिस कबरस्तानाच्या भिंतीबाहेर, काळी शाल घेऊन.

माती लोटून झाली. तिथल्या शेखची उशाशी बसायची तयारी चालली होती. तेवढ्यात हानिमचा भाचा अदहम माझ्याकडे आला. "मावशी म्हणाली होती, खलफ शेखना बसवा. त्यांच्या वडिलांचं हेच काम होतं म्हणून." तिथला शेख नाराज झाला, पण सरकला.

मी बसलो. मेलेल्याला त्याच्या आईच्या नावाने हाक मारायची असते. मी अदहमला विचारलं, त्याला आजीचं नाव आठवेना. कोणालाच ठाऊक नव्हतं. तीस सिनेमे केलेल्या बाईच्या आईचं नाव चाळीस माणसांत एकालाही माहीत नाही. मग भिंतीपलीकडून उम्म गिर्गिसचा आवाज आला, "जलीला! जलीला होतं तिच्या आईचं नाव!"

मी थडग्यावर हात ठेवला. मातीत अजून ओल होती. अब्बांसारखा हळू बोललो. "हे तफीदा, जलीलाच्या मुली. आता दोघे येतील. घाबरू नकोस. ते तुला विचारतील, तुझा प्रभू कोण?"

आणि मी थांबलो.

पुढचे शब्द मला आईच्या दुधाबरोबर पाठ आहेत. ते जिभेवर होते. पण मला दिसलं, की दिवे डोळ्यांत आहेत, समोर काळोख आहे, प्रश्न विचारून झाला आहे, आणि त्या गप्प उभ्या आहेत. मी मोजायला लागलो. एक. दोन. मागे कोणीतरी खाकरलं. तीन. चार. कबरस्तानाचा शेख पुढे सरकला, त्याने ओठ उघडले, मी हात वर करून त्याला थांबवलं. पाच. सहा.

सातव्या श्वासाला मी हात मातीवरून उचलला आणि उठलो.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. अदहमचा चेहरा उतरला. तिथला शेख माझ्याजवळ येऊन, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तेवीस वर्षं लोकांना शब्द पुरवलेस म्हणे. आणि इथे विसरलास?"

उस्ताद हाझिम माझ्याकडे पाहत होते.

"हो," मी म्हणालो. "विसरलो."